फाटकातली अर्धी रेषा

तीर्थरूप दादांस शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सगळे ठीक आहे, असे पहिल्या ओळीत लिहायची रीत आहे आणि मी तसे लिहिलेही होते. पण तुमच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे माझ्या सौभाग्यवतीने, चहाचा कप ठेवता ठेवता ती ओळ वाचली आणि म्हणाली, "दादाला खोटं कशाला कळवता?" तेव्हा दुरुस्ती करून लिहितो, की सर्वांच्या प्रकृती उत्तम आहेत, बाकी काहीही ठीक नाही. तुमचा गुडघा आता वाकतो का? (आयुष्यभर लोकांच्या जिन्यांचे कठडे वाकवणाऱ्या माणसाचा स्वतःचा गुडघा वाकू नये, हा निसर्गाचा उद्दामपणा आहे आणि मी त्याचा निषेध करतो.) वहिनींना नमस्कार सांगा. त्यांना हे पत्र वाचून दाखवायला हरकत नाही, फक्त कलिंगडाचा भाग गाळा.

आता मुख्य विषय. तुमची धाकटी बहीण. तिची तक्रार करायला हे पत्र लिहितो आहे हे सुरुवातीलाच स्वच्छ सांगतो, कारण आडून बोलणे माझ्या रक्तात नाही. ती आमच्या वरच्या मजल्यावर राहते, माझ्याच कॉलेजात माझ्याच विषयाची प्राध्यापिका आहे, तिचे टेबल माझ्या टेबलाला लागून आहे आणि रात्री जेवायलाही ती आमच्याकडेच असते. म्हणजे सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत विरोधी पक्ष माझ्यासमोर बसलेला असतो. लोकशाहीतसुद्धा अधिवेशनाला सुट्टी असते, दादा.

भांडण कशावरून आहे ते कळायला थोडे गणित सांगावे लागेल. घाबरू नका, तुम्ही ते रोज करता. हवेत एक वाकडीतिकडी रेषा तरंगते आहे असे समजा. ती दुसऱ्याला कशी सांगायची? यात दोन पंथ आहेत. धाकटीचा पंथ म्हणतो, की दोन पृष्ठभाग सांगा आणि गप्प बसा. ते एकमेकांना छेदतात तीच रेषा. भिंत सांगितली, छत सांगितले, की दोघांमधली कड आपोआप सांगून झाली. माझा पंथ म्हणतो, की त्या रेषेवरून एक मुंगी चालते आहे असे समजा, आणि कोणत्या क्षणी ती कुठे असेल ते सांगा. त्या क्षणाला आम्ही टी म्हणतो, पुस्तकात त्याला प्राचल म्हणतात. टी पुढे सरकतो, मुंगी पुढे सरकते आणि रेषा जन्माला येते! (उद्गारचिन्ह थोरलीला आवडत नाही, पण इथे ते काढणे मला शक्य नाही.) मी वर्गात टेबलावर मूठ आपटून सांगत आलो आहे, की भिंत आणि छत तुम्हाला फक्त जागा सांगतात, वाट सांगत नाहीत, जो जागा सांगतो आणि वाट सांगत नाही तो मार्गदर्शक नव्हे, ती पाटी आहे! जगातल्या सगळ्या जुलमी राजवटींनी माणसाला चौकट दिली, चाल दिली नाही! यावर मुले टाळ्या वाजवतात. भिंतीपलीकडे धाकटीचा तास चालू असतो. एकदा ती टाळ्या थांबेपर्यंत थांबली आणि दारात येऊन म्हणाली, "भाऊजी, भिंत आणि छत निदान बडबडत तरी नाहीत." मुलांनी तिलाही टाळ्या वाजवल्या. तरुण पिढीला निष्ठा नाही.

तर एके दिवशी प्राचार्यांनी मला बोलावले. प्राचार्य मूळचे रसायनशास्त्राचे, म्हणजे दोन गोष्टी एकत्र करून मागे सरून बघत राहणारे. त्यांच्यासमोर मुलांची तक्रार होती. तक्रार आदराने लिहिली होती, तेच जास्त झोंबले. 'सरांच्या तासाला अंगावर काटा येतो, पण उदाहरण येत नाही,' असे त्यात होते. प्राचार्य फार हळू बोलतात. म्हणाले, "सर, तुमच्या वर्गात एखादी गोष्ट शेवटापर्यंत जाते, एवढं मला एकदा दाखवा. नाहीतर पुढच्या सत्रापासून हा वर्ग मॅडमना देतो आणि तुम्ही पहिल्या वर्षाला टक्केवारी घ्या." टक्केवारीवर भाषण करता येत नाही, दादा. मी एकदा प्रयत्न केला होता.

चेष्टा बाजूला ठेवून सांगतो, हा वर्ग गेला तर माझ्याकडे फारसे काही उरत नाही. मुले येतात तेव्हा त्यांचे सगळे गणित कागदासारखे सपाट असते. मग एके दिवशी मी खडू फळ्यावरून उचलतो, हवेत धरतो आणि म्हणतो, 'आता हा बिंदू इथे आहे, फळ्यावर नाही.' त्या क्षणी चाळीस माना एकदम वर होतात. त्या माना वर होताना बघण्यासाठी मी इतकी वर्षे त्या खोलीत गेलो. निवृत्तीपर्यंतची जी थोडी सत्रे उरली आहेत ती त्या खोलीतच जावीत, एवढीच माझी इच्छा होती.

म्हणून मी तिथल्या तिथे जाहीर केले, की माझा वर्ग कॉलेजच्या फाटकात एक वक्ररेषा उभी करील. फाटकातून आत आले की कारंज्याचा चौथरा आहे. (कारंजे आले, पाणी आले नाही, मग कारंजेही गेले.) त्या चौथऱ्यावर लोखंडी सळईची, पुरुषभर उंचीची रेषा! प्राचार्य म्हणाले, "पूर्ण होईल ना?" मी म्हणालो, "पूर्णत्व हाच माझ्या पंथाचा प्राण आहे." हे वाक्य पुढे मला फार महागात पडले.

रेषा मी अशी निवडली. एक मोठा चेंडू घ्या. त्याच्या निम्म्या रुंदीचा एक पाइप घ्या आणि चेंडूत असा उभा खुपसा, की त्याची एक बाजू चेंडूच्या बरोबर मध्यातून जाईल आणि दुसरी आतून चेंडूच्या कडेला नुसती टेकेल. चेंडू आणि पाइप यांच्या पृष्ठभागांची जिथे गाठ पडते, तिथे इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी, चेंडूच्या अंगाबरोबर वाकलेली रेषा मिळते. वर एक पाकळी, खाली एक पाकळी आणि पाइप टेकतो तिथे दोघींचा छेद. जगात याहून देखणी रेषा नाही. वर्गाला दाखवण्यासाठी मी आधी घरी कलिंगडावर प्रयोग केला. (वहिनींसाठी गाळायचा भाग तो हा.) पाइपाचा तुकडा टोकाला धार लावून घेतला होता. अर्ध्यापर्यंत गेला आणि अडकला. मी कलिंगड गुडघ्यांत धरून पाइप ओढला, तेव्हा पाइप माझ्या हातात आला आणि कलिंगड सोफ्यावर, गालिच्यावर आणि तुम्ही आमच्या लग्नात दिलेल्या भिंतीवरच्या घड्याळावर गेले. घड्याळ चालू आहे, पण तास चिकटून चिकटून पडतात. थोरलीने ओला फडका आणून माझ्या हातात दिला. धाकटीने पाइपात अडकलेला गर चमच्याने काढून खाल्ला आणि म्हणाली, "छेद गोड आहे."

मग आम्ही वेल्डिंगवाल्याकडे गेलो. आम्ही म्हणजे मी आणि न बोलावता आलेली धाकटी. तिने जाताच त्याला चेंडू आणि पाइप समजावून सांगायला सुरुवात केली. तो माणूस ग्राइंडर बंद न करता ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बाई, मला गोल करायचा नाही, पाइप करायचा नाही. सळई कुठून निघून कुठं न्यायची तेवढं सांगा." दादा, त्या क्षणी माझी काय अवस्था झाली असेल याची कल्पना करा! भर बाजारात, ठिणग्यांच्या वर्षावात, एका त्रयस्थाने माझ्या पंथाचा जाहीरनामा वाचून दाखवला होता! मी तिथेच पत्र्याच्या पिंपावर हात ठेवून बोलायला सुरुवात केली. बराच वेळ बोललो. शेजारच्या पंक्चरवाल्याने टायर खाली ठेवला. धाकटी म्हणाली, "झालं असेल तर त्याला आकडे द्या."

आकडे मी घरी बसून काढले. मुंगी पाइपाभोवती फिरते; ती किती अंश फिरली तो टी. टी दिला की पाइपाच्या कडेवर ती कुठे आणि चेंडूच्या मध्यापासून किती उंच, ते मिळते. फक्त एक खोच आहे. उंची टीच्या निम्म्या कोनावर चालते. म्हणजे मुंगीचा पाइपाभोवती एक फेरा होतो तेव्हा उंचीचा अर्धाच झालेला असतो. पहिल्या फेऱ्यात मुंगी वरची पाकळी काढून टेकण्याच्या जागी परत येते, दुसऱ्या फेऱ्यात खालची. मी शून्य अंशापासून सुरुवात केली, सुंदर अक्षरात तक्ता लिहीत गेलो आणि तीनशे साठ अंशांना खाली दुहेरी रेघ मारली. वर्तुळ तीनशे साठला संपते. आयुष्यभर संपत आले आहे. हाताला विचारून बघा, तोही हेच सांगेल. (तुम्ही वाचतानाच ओळखले असेल. ओळखले नसेल तर मला तुमच्याबद्दल अधिकच प्रेम वाटेल.)

समारंभाच्या दिवशी चौथऱ्यावर चादरीखाली काहीतरी उभे होते. ते अपेक्षेपेक्षा बुटके वाटले, पण चादरीत सगळेच बुटके वाटते असे मी मनाला समजावले. पाहुणे म्हणून एक नामांकित शिल्पकार आले होते. त्यांनी दोरी ओढली. दादा, चौथऱ्यावर एक दांडा होता आणि दांड्याच्या टोकाला एक पाकळी. एकच. टोकाशी काटकोनात मिटलेली, वर जाऊन मागे झुकलेली. पहिल्या रांगेतून कुणीतरी स्पष्ट विचारले, "कमोडची सीट आहे का?" माळी म्हणाला, "वाकलेली आहे पण."

मी वेल्डिंगवाल्याकडे पाहिले. त्याने खिशातून माझा तक्ता काढून माझ्यासमोर धरला आणि दुहेरी रेघेवर बोट ठेवले. (मी त्याला नंतर दुकानात जाऊन बरेच काही सुनावले. तेव्हापासून तो मला लांबून पाहिले की शटर ओढतो.) मग मी धाकटीकडे पाहिले. तिने ओठ घट्ट मिटले होते. प्राचार्य मागे सरून बघत होते. आणि ध्वनिक्षेपक माझ्यासमोर होता.

दुसरा एखादा माणूस पळून गेला असता. मी बोललो. मी म्हणालो, की पूर्ण रेषा ही मेलेली रेषा असते! ज्या दिवशी रेषा पूर्ण होते त्या दिवशी मुंगी थांबते! आम्ही या फाटकात तुम्हाला अर्धी रेषा मुद्दाम दिली आहे, कारण उरलेली अर्धी आत येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या डोळ्यांनी काढायची आहे! ज्ञान हे नेहमी जमिनीखालच्या पाकळीसारखे असते! शेवटच्या वाक्याचा अर्थ मलाही नीट माहीत नाही, पण त्यावर लोक उभे राहिले. शिल्पकारांनी मला मिठी मारली आणि 'रिकामेपणाचे धाडस' असे काहीतरी म्हणाले. प्राचार्यांनी तिथेच जाहीर केले, की वर्ग सरांकडेच राहील. धाकटीनेही टाळ्या वाजवल्या. रात्री जेवताना मात्र तिने एकच प्रश्न विचारला, "भाऊजी, मुलांना खरं कधी सांगणार?" मी म्हणालो, की जे भाषणात सांगितले तेच खरे. थोरलीने माझ्या पानात वाढणे थांबवले.

पुढच्या आठवड्यात मी वर्गाची चाचणी घेतली. एक प्रश्न त्याच रेषेचा घातला, अर्थातच गंमत म्हणून, कारण मुलांना तो येणारच होता. चेंडू आणि पाइप दिले होते, रेषा टीच्या भाषेत लिहायची होती आणि टी कुठपासून कुठपर्यंत ते सांगायचे होते. सगळ्यांनी सोडवला, दादा. माझ्या वर्गात सगळ्यांनी एखादे उदाहरण सोडवल्याची ही पहिली वेळ. आणि सगळ्यांनी टी तीनशे साठला थांबवला. सगळ्यांनी एक पाकळी काढली. काहींनी खाली लिहिले, 'फाटकात पाहिल्याप्रमाणे.'

दुसरी परीक्षक धाकटी. तिने गठ्ठा घरी माझ्या टेबलावर ठेवला आणि त्यातला एक पेपर उघडून धरला. मागच्या बाकावर बसणारी एक मुलगी आहे, कधी तोंड उघडत नाही. तिने सातशे वीस अंशांपर्यंत जाऊन दोन्ही पाकळ्या काढल्या होत्या. छेदाचा काटकोनसुद्धा बरोबर होता. मग त्यावर आडवी रेघ मारून खाली एकच पाकळी काढली होती. समासात बारीक अक्षरात लिहिले होते, 'सर म्हणाले तेच बरोबर असेल.' धाकटी म्हणाली, "सांगा, गुण कशाला देऊ? खोडलेल्याला की ठेवलेल्याला?" मी म्हणालो, की हा परीक्षणातला तांत्रिक प्रश्न आहे, नियम बघून ठरवू. ती म्हणाली, "बघा," आणि जिना चढून वर गेली. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. तिचे बघून थोरलीही बोलत नाही. घरात आता मी आणि चिकट घड्याळ एवढेच बोलतो.

तेव्हा दादा, तुम्ही वडीलधारे आहात. धाकटी तुमचा शब्द खाली पडू देत नाही. तिला चार शब्द सुनवा. तिला सांगा, की वडील माणसाच्या जाहीर भाषणाला घरात असे आव्हान द्यायचे नसते, की कला आणि गणित यांच्या सीमेवर काही स्वातंत्र्य घ्यावे लागते, आणि त्या भाषणातल्या एकाही शब्दावरून मी मागे हटणार नाही. चाळीस माना माझ्याकडे वर बघतात. त्यांना जे दिले ते विचारपूर्वक दिले आहे.

तुमच्या गुडघ्याला आराम पडो. वहिनींच्या हातच्या चहाची आठवण येते.

आपला,
थोरलीचा नवरा

ता. क. सोबत एक तक्ता जोडला आहे. काही विशेष नाही. तीनशे साठपासून सातशे वीस अंशांपर्यंतचे आकडे आहेत. तुमच्याकडे सळई वाकवायचे मशीन आहे आणि गोल जिन्याचा कठडा तुम्ही झोपेतही वाकवता, म्हणून सहज विचारतो, की एवढी एक पाकळी वाकवून मिळेल का? निव्वळ अभ्यासासाठी हवी आहे. सळईची जाडी तक्त्याच्या खाली दिली आहे. टोक काटकोनात यायला हवे, कारण ते दुसऱ्या एका टोकाला जुळवावे लागू शकते. चौथऱ्यावरचा दांडाही मग हलवून खालच्या पाकळीच्या तळाशी न्यावा लागेल, तेव्हा येताना कटर आणा.

ता. क. २. धाकटीला काही सुनावू नका. जोडलेला तक्ता तिनेच, माझ्याशी एक शब्द न बोलता, लाल शाईने तपासला आहे. दुसऱ्या फेऱ्यात उंची मध्याच्या खाली असते, म्हणजे उंचीचे सगळे आकडे उणे हवेत. मी तीन ठिकाणी सवयीने अधिक लिहिले होते. तसेच पाठवले असते तर तुम्ही अर्धी पाकळी खाली आणि अर्धी आकाशात वाकवली असती, आणि मला पुन्हा भाषण करावे लागले असते.

ता. क. ३. पाकीट बंद करायचे राहिले होते, तेवढ्यात सकाळ झाली आणि मी वर्गात जाऊन आलो. मागच्या बाकावरच्या मुलीला फळ्याजवळ बोलावले आणि तिने खोडलेले पुन्हा काढायला सांगितले. तिने काढले. मी सगळ्यांना सांगितले, की हिचे बरोबर आहे, फाटकातले चूक आहे, ते मी चुकवले आणि नंतर त्यावर जे बोललो ते चूक झाकायला बोललो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकाने विचारले, "सर, म्हणजे जमिनीखालच्या पाकळीचं वाक्य वहीतून काढायचं का?" मी म्हणालो, काढा. तिथून तसाच प्राचार्यांकडे गेलो. ते हळूच म्हणाले, की अट अटच आहे. वर्ग पुढच्या सत्रापासून धाकटीकडे गेला. तिने लगेच घेतला. एकदा तरी 'नको भाऊजी' म्हणायची पद्धत असते, तीही पाळली नाही. पण संध्याकाळी खाली आली, माझ्या पानात स्वतः वाढले आणि म्हणाली, की दुसरी पाकळी जोडायचा दिवस तुमचा. तो तास तुम्ही घ्या, वर्ग फाटकात भरवू. तेव्हा दादा, सगळे काम बाजूला ठेवा आणि हे सत्र संपायच्या आत या. वेल्डिंग तुम्हालाच करावे लागेल, इथला वेल्डिंगवाला मला बघून शटर उघडत नाही. त्या तासाला मी भाषण करणार नाही, असे तिने थोरलीच्या साक्षीने माझ्याकडून लिहून घेतले आहे. वेल्डिंगचा आवाज चालू असताना बोललेले त्यात धरतात का, ते मी मुद्दामच विचारलेले नाही. तेव्हा जोड जरा सावकाश द्या.